भाडेकरूने मागे टाकलेलं सामान किती दिवस सांभाळायचं?

दोनखोल्या:
भाडेकरू जाऊन पाच आठवडे झाले. किल्ली दिली, डिपॉझिट घेतलं, गेला. मागे काय ठेवलंय तर एक लोखंडी कपाट तेही कुलूपबंद, तीन खोकी ज्यावर मार्करने 'नंतर' लिहिलंय, एक गादी, आणि बाथरूममध्ये त्याने स्वतः बसवलेला गीझर. दोनदा फोन केला, "रविवारी येतोच" म्हणाला, ते रविवार आले नि गेले. पुढच्या आठवड्यात नवीन माणसं राहायला येतायत. माझं मत सरळ आहे, किल्ली हातात दिली म्हणजे आतल्या वस्तूंवरचा हक्क सोडला. कपाट आणि खोकी भंगारात, गीझर माझा. मी काय त्याचं गोदाम चालवतो का?

स्पष्टच_बोलतो:
बरोबर आहे तुमचं. ज्याला गरज असते तो पहिल्या दिवशी नेतो. पाच आठवडे ज्या वस्तूवाचून कुणाचं अडलं नाही ती वस्तू नसून कचरा. उद्याच द्या भंगारवाल्याला आणि मोकळे व्हा.

बारा_घरं_फिरलेली:
अहो पण 'सोडलं' आणि 'राहिलं' यात फरक आहे की नाही? फाटकी गादी कुणी टाकून जातं हे मान्य. पण कुलूप लावलेलं कपाट टाकून दिलं असं कसं म्हणता, कुलूप लावलं म्हणजेच परत येणार ना! माझं एक खोकं असंच राहिलं होतं, वरच्या माळ्यावर मागच्या बाजूला, सामान भरणाऱ्यांना दिसलंच नाही. आठव्या दिवशी फोन केला तर मालकीणबाई म्हणाल्या, "ते जुने कागद होय, ते दिले रद्दीत". त्यात माझी डिग्रीची मूळ सर्टिफिकेटं होती. डुप्लिकेट काढायला किती फेऱ्या मारल्या ते माझं मला माहीत. एक फोन करायला काय जात होतं त्यांचं?

दोनखोल्या:
मी दोन केलेत ताई.

कलमकसाई:
फोन केला याचा पुरावा काय? लेखी कळवा. किल्ली दिली म्हणजे घराचा ताबा दिला, वस्तूची मालकी दिली असं होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल, म्हणजे भाडेपट्टा नसून नुसता राहायचा परवाना, तर १८८२ चा इझमेंट कायदा बघा, कलम ६३, परवाना रद्द झाल्यावर घर सोडायला आणि सामान हलवायला 'वाजवी मुदत' मिळते. वाजवी म्हणजे किती दिवस ते कायद्यात लिहिलेलं नाही, भांडणं तिथेच होतात. कॅलिफोर्नियात बघा, नोटीस हातात दिली तर किमान १५ दिवस आणि टपालाने पाठवली तर १८, आकडाच देऊन टाकलाय. इंग्लंडमध्येही १९७७ च्या कायद्याने ज्याची वस्तू त्याला कळवून, त्याने न नेलेली वस्तू विकता येते, पण विकायचा खर्च कापून उरलेले पैसे ज्याची वस्तू त्यालाच द्यायचे. थोडक्यात "माझ्या घरात राहिलं म्हणून माझं" हे कुठेच इतकं सोपं नाही.

स्पष्टच_बोलतो:
मग त्या १८ दिवसांचं भाडं कोण देणार, कायदा?

कलमकसाई:
ठेवायचा वाजवी खर्च मागा ना, मागू नका कोण म्हणतंय. पण मागायचं त्या माणसाकडे, कपाट फोडून वसूल नाही करायचं.

खिळेमोळे:
सगळे खोक्यावरच अडकलेत, गीझरचं बोला. माझा धंदाच फिटिंगचा, दर महिन्याला हे बघतो. भाडेकरू जाताना पंखा काढतो आणि छतातून दोन वायरी टेप न लावता लोंबत ठेवतो. गीझर काढला की पाण्याच्या पॉइंटला तोंड बंद करायची डमी पण लावत नाही, मेन कॉक उघडला की बाथरूममध्ये कारंजं. भिंतीत गिट्ट्या तशाच, भोकांत पुट्टी भरायचं नाव नाही. म्हणून मी म्हणतो, भिंतीला लागलं ते भिंतीचं, काढायचंच नाही.

बारा_घरं_फिरलेली:
वा! म्हणजे मी माझ्या पैशाने गीझर लावायचा आणि तो तुमच्या भिंतीचा? मग पडद्याचे रॉड पण तुमचे, आरसा पण तुमचा, त्यापेक्षा मालकांनीच लावून द्या की सगळं. दोन स्क्रू फिरवले की निघतो तो.

कलमकसाई:
यावर १८७२ चा एक इंग्लिश निकाल आहे, हॉलंड विरुद्ध हॉजसन, गिरणीतल्या मागांवरून. त्यातला दाखला भारी आहे, चुना न लावता नुसते एकावर एक दगड रचून कुंपणाची भिंत केली तर ते दगड जमिनीचा भाग, आणि तेच दगड गवंड्याच्या आवारात सोयीसाठी रचून ठेवले तर नुसता माल. म्हणजे किती घट्ट बसवलंय एवढंच नाही, कशासाठी बसवलंय तेही बघायचं. आपल्याकडे भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०८, भाडेकरूने स्वतः लावलेलं तो काढून नेऊ शकतो, पण ताबा त्याच्याकडे आहे तोवरच, आणि जागा घेतली तशी परत करून.

दोनखोल्या:
बघा! तोवरच! किल्ली दिली, ताबा संपला. गीझर माझा म्हटलं तर सगळे धावून आले.

कलमकसाई:
भाडेपट्टा असेल तर म्हटलंय. तुमचा करार कसला आहे?

दोनखोल्या:
लिव्ह अँड लायसन्स.

खिळेमोळे:
🙂 मग देऊन टाका तो गीझर, मी डमी लावून देतो.

बारा_घरं_फिरलेली:
आणि खोकी उघडलीत तर एकट्याने नको, कुणाला तरी समोर ठेवा, आतल्या वस्तूंचे फोटो काढा. कागदपत्रं, फोटो, औषधं वेगळी करा. गादी फेका खुशाल, तिच्यासाठी कोणी रडणार नाही. बाय द वे, तो राहायला आला तेव्हा घरात काय काय होतं याची यादी केली होती का?

दोनखोल्या:
यादी कसली, रिकामं घर होतं. आधीचे लोक गेले आणि दोन दिवसांत हा आला, मी बाहेर होतो, किल्ली शेजाऱ्यांनीच दिली.

स्पष्टच_बोलतो:
एवढी चर्चा होईस्तोवर भंगारवाला येऊन गेला असता.

दोनखोल्या (दोन दिवसांनी):
लेखी मेसेज टाकला, फोटोसकट, पंधरा दिवसांची तारीख देऊन. दहा मिनिटांत उत्तर. खोकी शनिवारी नेतोय, गादी टाका, गीझर ठेवायचा असेल तर अर्धे पैसे द्या नाहीतर तोही नेतो. आणि कपाटाबद्दल म्हणतो, "ते मी आलो तेव्हापासूनच आहे काका, मला वाटलं तुमचं. तीन वर्षं त्याच्याभोवतीच झाडू मारला."

आता नोटीस कोणाला पाठवू?