गावच्या जुन्या विहिरीसाठी ऑनलाइन वर्गणी कुणी गोळा केलीय का?

शिवारकर (बेळगाव तालुका)
नमस्कार मंडळी. आमच्या गावात मारुतीच्या देवळामागं दगडी विहीर आहे. आजीनं जन्मभर तिचंच पाणी शेंदलं. पुढं गल्लीगल्लीत बोअर मारले आणि विहिरीत कचरा पडायला लागला. आता मार्च आला की बोअर आटतात आणि टँकरपुढं घागरींची रांग लागते. गेल्या मे महिन्यात दोराला दगड बांधून विहिरीत सोडला, तर तो ओल्या गाळानं माखून वर आला. म्हणजे झरा अजून जिवंत आहे.

गाळ काढायचा, ढासळलेल्या पायऱ्या बांधायच्या, वर जाळी बसवायची. गवंड्यानं साडेतीन लाख सांगितलेत. गावात दीड लाख जमतील. बाकीचे पुण्या-गोव्यातल्या पोरांकडून आणि दुबईतल्या दोघांकडून ऑनलाइन गोळा करावे म्हणतोय. पण काही वर्षांमागं सभागृहासाठी घरटी दोन हजार पट्टी काढली होती. सभागृह झालं, हिशेब मात्र कधी वाचला नाही. वडिलांनी तेव्हा भिशीतले पैसे घालून पट्टी भरली होती. आज लोक मला तोंडावर विचारतात, "तुझ्यावर तरी विश्वास का ठेवायचा?" काय सांगू त्यांना?

मलप्रभाकाठ (खानापूर)
भाऊ, आम्ही शाळेच्या वाचनखोलीचं छप्पर असंच घातलं, म्हणून सांगते. तुमच्या स्वतःच्या खात्यावर एक रुपयाही घेऊ नका. विहीर पंचायतीच्या नावावर असेल तर आधी ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकारी) लेखी परवानगी घ्या. कर्नाटकात संस्था नोंदवायची तर 1960 च्या कायद्याप्रमाणं निदान सात जण लागतात. त्यात दोन बायका घ्याच, पाण्याची रांग आम्हीच लावतो. खातं संस्थेच्या नावानं आणि तिघांच्या सहीनं चालवा.

दुबईच्या पोरांना पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून पाठवत असतील, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेला माणूस मूळचा आपला असला तरी त्याचे पैसे घ्यायला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. ती नसेल तर नम्रपणे नको म्हणा. पुण्यातली पोरं करसवलतीचं विचारतील, पण संस्थेला आयकर खात्याकडून त्याची मंजुरी मिळाल्याशिवाय कबूल करू नका.

आवाहन मराठीत आणि कानडीत, दोन्हीत लिहा. आम्ही पहिल्यांदा नुसतं मराठीत लिहिलं होतं. शेजारच्या गल्लीतल्या अक्का म्हणाल्या, "आमची पोरं त्या शाळेत जात नाहीत काय?" मला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडूनच कानडी मजकूर लिहून घेतला, आणि पहिले पाचशे त्यांनीच दिले.

टिळकवाडीचा आजोबा
1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा आलेल्या लोकांसाठी इथं विहीर खोदली. काँग्रेस विहीर म्हणतात ती हीच. 1995 च्या टंचाईत शहरातल्या जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या, ते मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा तुमचं काम होणारं आहे, बाळ.

एक मात्र काळजीनं सांगतो. बंद पडलेल्या विहिरीत विषारी वायू साठतो. हवा तपासल्याशिवाय कुणालाही आत उतरवू नका, आणि डिझेल इंजिन चुकूनही खाली ठेवू नका. कमरेला दोर आणि वर माणसं पाहिजेतच. एक गुदमरला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. या कामाचा खर्च अंदाजात धरलाय काय? नसेल तर आधी धरा, पायऱ्या पुढच्या वर्षी बांधल्या तरी चालतील.

शिवारकर
नाही धरला आजोबा. गवंड्याला उद्याच पुन्हा बोलावतो.

ताई, सातपैकी पाच नावं ठरली, दोन बायकांची राहिलीत. आईला विचारलं, ती म्हणाली रांगेतच विचारते. यंदा नुसता गाळ काढायचा आणि तेवढेच पैसे मागायचे असं ठरवलंय. देवळाच्या भिंतीवर फळा लावतोय. कुणी किती दिले आणि कशाला किती गेले, दर रविवारी आरतीनंतर मोठ्यानं वाचणार. पहिल्या ओळीला वडिलांचं नाव घालतोय. त्यांनी काल पुन्हा दोन हजार दिले.