मदत हवी आहे: एसआर२०डीईटीसाठी (निसानचं टर्बो इंजिन) भरवशाचा स्टँडअलोन ईसीयू (मूळ संगणकाऐवजी पूर्ण इंजिन चालवणारा) कोणता?

बूस्टगेज:
टर्बो बदललाय, इंजेक्टर मोठे टाकलेत. सध्या मूळ ईसीयूवर पिगीबॅक (त्याचे सिग्नल बदलणारा जोड-बॉक्स) आहे, पण ६००० आरपीएमच्या पुढे गाडी मिस मारते (मध्येच ज्वलन चुकतं). आता थेट स्टँडअलोनच लावायचाय. लिंक, हॉलटेक की ईसीयूमास्टर? या आठवड्यात ऑर्डर टाकायची आहे, लवकर सांगा.

पाना:
इंजिन निसान सिल्व्हियाच्या एस१३ पिढीचं की एस१५ चं? कॉइल मूळच्याच का? इंजेक्टर किती सीसी, हाय इम्पीडन्स (जास्त विद्युत रोध) की लो? पेट्रोल की ई८५ (बहुतांश इथेनॉल)? ट्यून कोण करणार?

ज्योत:
ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (टर्बोचा जादा दाब सोडणारा) हवा बाहेर सोडणारा असेल तर आधी तो बदला. एअरफ्लो मीटरने मोजलेली हवा बाहेर गेली की मिश्रण रिच (जादा पेट्रोलचं) होतं.

पाना:
ते गिअर बदलताना होतं हो. इथे मिस वरच्या आरपीएमला आहे. शिवाय स्टँडअलोन मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) चालवला की एअरफ्लो मीटरच निघतो.

बूस्टगेज:
एस१३, कॉइल मूळच्या, ७५० सीसी हाय इम्पीडन्स, साधं पेट्रोल. ट्यूनर लिंक आणि हॉलटेक दोन्ही करतो. पण याचा ब्रँडशी काय संबंध?

वायरिंगवेडा:
ब्रँडपेक्षा ट्रिगर (क्रँक-कॅमची स्थिती ईसीयूला सांगणारा सिग्नल) महत्त्वाचा. या इंजिनाचा कॅम अँगल सेन्सर ऑप्टिकल, डिस्कला ३६० बारीक चिरा. ७००० आरपीएमला कॅम ३५०० ने फिरतो, म्हणजे सेकंदाला २१,००० पल्स. तेलाचा थर बसला किंवा शाफ्टला प्ले आला की पल्स गळतात. हाच सेन्सर ठेवलात तर नव्या ईसीयूवरही मिस तसाच राहू शकतो.
क्रँक पुलीवर ३६-१ चक्र (३६ पैकी एक दात गाळलेलं) आणि हॉल सेन्सर (चुंबकीय) लावा. त्याच आरपीएमला जेमतेम ४,१०० पल्स. सिंकसाठी कॅमवर एक दात पुरे. सेन्सरची ग्राउंड ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच, बॉडीला नाही. शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला जोडा. मूळ कॉइलचा वेगळा इग्नायटर (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा) काढू नका, थेट कॉइल जोडली तर ईसीयूचा आउटपुट जळतो.

सोल्डर:
एवढा खर्च कशाला? मेगास्क्वर्ट ३ (स्वतः जोडता येणारा ईसीयू) हे सगळं करतो.

पाना:
करतो, पण ट्यूनरला तो येत नसेल तर उपयोग काय? आणि हाताने सोल्डर केलेला बोर्ड इंजिनाच्या कंपनात टिकेलच असं नाही.

सोल्डर:
एमएस३प्रो तयार मिळतो, सोल्डरिंगचा प्रश्नच येत नाही. ट्यूनरचं मात्र खरं.

ज्योत:
अवांतर: एलएसयू ४.९ (बॉशचा एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) टर्बोच्या किती जवळ चालतो?

वायरिंगवेडा:
टर्बाइननंतर साधारण मीटरभर लांब, आणि आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर कललेला, म्हणजे पाणी साचत नाही.
बूस्टगेज, ऑइल प्रेशर आणि फ्युएल प्रेशर सेन्सरसाठी इनपुट शिल्लक आहेत का ते बघाच. प्रेशर पडताच इंजिन कट करता आलं पाहिजे. बोअर ८६ मिमी, त्यामुळे नॉक (सिलिंडरमधला अवेळी स्फोट) ओळखणारा फिल्टर ६.७ किलोहर्ट्झच्या आसपास.

बूस्टगेज:
ठीक, ट्रिगर बदलतो. मग लिंक की हॉलटेक?

पाना:
दोन्ही चालतील. ट्यूनरचा हात ज्यावर जास्त बसलाय ते घ्या. ऑर्डरआधी प्लगचा गॅप ०.७ मिमी करून बघा; मिस कमी झाला तर दोष इग्निशनमध्ये आहे. बसवल्यावर इग्निशन टायमिंग १० अंशांवर लॉक करून पुलीवरच्या खुणेवर टायमिंग लाइट मारा. ४००० पर्यंत नेल्यावर खूण सरकली तर ट्रिगरची एज किंवा डिलेचं सेटिंग चुकलंय, थरथरली तर ड्राइव्हमध्ये प्ले आहे. हे जुळेपर्यंत बूस्ट देऊ नका.