मोर्चा न्यायचा कुणावर? योजना बदलल्या तसं मराठवाड्यातलं आंदोलनही बदललं का?

सोनपेठकर

गाईड म्हणतात, गृहीतक एका वाक्यात सांगता येत नसेल तर ते गृहीतकच नाही. पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू आहे, सहा मसुदे फाडून झाले, म्हणून शेवटी इथे टाकतोय. झोडपा.

विषय: कल्याणकारी धोरणातले बदल आणि मराठवाड्यातली जनआंदोलनं. वाक्य असं: मदत गावाला मिळायची तेव्हा गाव रस्त्यावर यायचं, मदत खात्यावर यायला लागली तशी माणसं एकेकटी भांडायला लागली.

आता पुरावा. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू झाली. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितलं की १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. पण खरी गंमत दुसऱ्याच अटीत आहे. नवं काम काढायला किमान ५० मजूर लागायचे. म्हणजे जवळ काम चालू नसेल तर एकट्याच्या मागणीवर नवं काम निघायचं नाही. आधी वस्तीवर फिरून ५० नावं जमवायची, मग तहसीलला जायचं. सरकारनं स्वतःच्या कायद्यानं मोर्चाची माणसंही जमवून दिली आणि पत्ताही दिला.

याच्या उलट टोकाला केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांचं धान्य. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत (मराठवाड्याचे आठही त्यात) २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य मिळायचं, गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये. २०२३ मध्ये त्याऐवजी खात्यावर माणशी १५० रुपये सुरू झाले. मी ज्या गावात फिरतो तिथे धान्य आलं नाही की दुकानासमोर चाळीस पिशव्या आणि चाळीस तोंडं असायची. दुकानदार सकाळी शटर अर्धंच उघडायचा. आता पैसे आले नाहीत तर प्रत्येकाला वाटतं, आपलंच आधार लिंक नसेल. शेजाऱ्यालाही विचारत नाही, कारण न जाणो त्याचे आलेले असले तर?

तिसरं उदाहरण विहिरींचं. रोजगार हमीतला पाझर तलाव सगळ्यांचा असायचा, सरकारी अनुदानाची सिंचन विहीर एकाची. मार्च २०२३ मध्ये फुलंब्रीच्या पंचायत समितीसमोर एका सरपंचानं विहिरींच्या मंजुरीसाठी पैसे मागतात म्हणून गळ्यात नोटांच्या माळा घालून दोन लाख रुपये उधळले. व्हिडिओ देशभर गेला. आंदोलक किती होते? एक.

मुक्काम पोस्ट कळंब

वाचायला झकास आहे, पण टिकत नाही. तुमची माणसं २०२३ मध्ये 'एकेकटी' झाली म्हणता? त्याच वर्षी २९ ऑगस्टला जालन्याच्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि पुढच्या सभांना लाखांनी माणूस जमला. त्याआधी ९ ऑगस्ट २०१६ चा मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा तुमच्या विद्यापीठाच्याच शहरातला, छत्रपती संभाजीनगरातला. लोक रस्त्यावर यायचे थांबलेत असं म्हणणाऱ्यानं बीड बायपासला एकदा ट्रॅफिकमध्ये अडकून बघावं.

१५० रुपयांवर मोर्चा निघाला नाही याचं सरळ कारण सांगू? लोकांना ते धान्य नकोच होतं. अर्ध्या घरांत तो गहू कोंबड्यांना किंवा परत दुकानदाराला.

सोनपेठकर

आंदोलन थांबलं असं मी म्हणत नाही, ते योजनेवरून उठून जातीच्या दाखल्यावर गेलं असं म्हणतोय. आणि सुरुवातीचे १५० भागिले ५ म्हणजे किलोला ३० रुपये. त्यात ज्वारी येते का सांगा. लोकांना धान्य नको होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं, दुकानदारानं?

निवृत्त अव्वल कारकून

तहसीलला ३१ वर्षे काढली, त्यातली बरीचशी रोहयो (रोजगार हमी योजना) शाखेत. खिडकीच्या आतून मोर्चा कसा दिसतो ते कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

मोर्चा कामासाठी असतो असं बाहेर वाटतं. आत भांडण असायचं पोहोचेचं. मजुरानं नमुना ४, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरून दिला आणि आपण तारीख टाकून पोहोच दिली की १५ दिवस मोजायला सुरुवात. मग काम निघालं नाही तर भत्ता द्यावा लागणार. म्हणून वरून तोंडी सूचना असायची, अर्ज घ्या, तारीख टाकू नका. बायका खिडकीला धरून बसायच्या, "शिक्का मारा, मग उठतो." एकीनं माझ्याच टेबलावरचा तारखेचा शिक्का उचलून स्वतःच्या अर्जावर मारला होता. मी बघितलं नाही असं केलं. शाई मात्र तिच्या पदराला लागली.

पण सर, तुम्ही त्या काळाला फार हळद-कुंकू वाहू नका. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मेलेली माणसं कामाला असायची. रोख मजुरी वाटताना मुकादम आधी आपला वाटा काढायचा. २००८ नंतर मजुरी बँकेतून, पोस्टातून जायला लागली तेव्हा त्याच बायकांना पहिल्यांदा पुरते पैसे मिळाले. उशिरा मिळाले, पण पुरते. मोर्चे कमी झाले याचं तुम्हाला वाईट वाटतंय. मला नाही वाटत. उन्हात सोळा किलोमीटर चालत येणं म्हणजे काही लोकशाहीचा उत्सव नव्हे.

लेक लातूरची

कारकूनकाकांशी सहमत, आणि आणखी एक. 'गाव रस्त्यावर यायचं' यातलं गाव कोणतं?

माझी आजी बहात्तर सालापासून खडी फोडायला जायची. दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची चव तिला मरेपर्यंत आठवायची. पण ती सांगायची, कामावर पाण्याचे माठ दोन होते आणि आमच्या वस्तीतल्या बायकांना दुसऱ्या माठाचं पाणी मिळायचं. ५० नावांच्या यादीतसुद्धा आमची नावं खाली, एका जागी. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात आमच्या दलित वस्त्या कशा जाळल्या ते तुमच्या प्रबंधात येणार आहे का? तीच माणसं, तीच कामं, तेच तलाव. एकत्र खडी फोडली म्हणून माणसं एक झाली नाहीत. उलट माझं मत असं, की सरकारी कामामुळे आमच्या माणसांना पाटलाच्या शेतावर जायची गरज उरली नाही, आणि तो राग त्या जाळपोळीत होता. तेव्हा योजनेनं आंदोलन घडवलं म्हणायचं तर कुणाविरुद्ध कुणाचं, तेही लिहा.

रानवारा

एवढं जड नाही समजत मला, पण घरातलं सांगतो. माय लाडक्या बहिणीत हाय. २०२४ ला पैसे सुरू झाले, पंधराशे. आधी दोनशे रुपये रोजानं खुरपायला जायची, बोलावलं की उठली. आता म्हनती, तीनशे देत असशील तर येते, न्हाई तर माजं घरी काम हाय. गल्लीतल्या धा-बारा जनी असंच म्हनायल्यात. सोयाबीनच्या खुरपनीला मालकाला दोनदा दारात यावं लागलं. ना झेंडा, ना निवेदन, ना तहसील. पन भाव वाढला का न्हाई? मंग हे आंदोलन न्हाई व्हय? तुमी उगं तहसीलाच्या गेटापाशी उभं राहून वाट बघायलात, भांडन बांधावर चालू हाय.

बाकी केवायसीचं म्हनाल तर वैताग हाय. मायचं आधार, बापाचंबी आधार, ओटीपी बापाच्या मोबाइलवर, आन् बाप ऊसतोडीला पार कोल्हापूरकडं. चार दिवस सेतूला चकरा. रांगेत शंभर बाया, पन मोर्चा न्हाई. परत्येकीला आपला नंबर जाईल याची भीती.

मुक्काम पोस्ट कळंब

रानवारा भाऊनी प्रबंध लिहून टाकला की. मजुरी वाढली तो राग बांधावरचे लहान शेतकरी, म्हणजे मीच, कुणावर काढणार हाही एक अध्याय घ्या. तीनशे मला परवडत नाही हो. सोयाबीनचा भाव माहीत आहे ना?

सोनपेठकर

ताई, आजीचा माठ माझ्या टिपणात नव्हता. माझ्याकडे पेपरची कात्रणं आहेत आणि त्यांत मोर्चाच्या पुढे चालणाऱ्यांचीच नावं आहेत. चूक मान्य.

रात्री रानवारांची ती शंभर बायांची रांग डोक्यात घोळत राहिली. त्यावरून माझंच उदाहरण आठवलं. माझी फेलोशिप सात महिने रखडली होती. ती तर थेट खात्यावरच येते, म्हणजे माझ्या सिद्धांताप्रमाणे मी एकट्यानं कुढत बसायला हवं होतं. पण आम्ही बावीस जण जाऊन संबंधित कार्यालयाच्या जिन्यात बसलो, तिसऱ्या दिवशी पैसे पडले. (आंदोलनावर संशोधन करणाऱ्यानं आंदोलनात बसावं का, यावर गाईडनी वेगळं व्याख्यान दिलं.) आम्ही जमू शकलो कारण निवडयादी जाहीर होती. कुणाचे अडकलेत ते एकमेकांना माहीत होतं, वॉट्सॲप ग्रुप होता. रांगेतल्या शंभर बायांकडे ती यादी नाही. अंतरवालीनंतर न्या. संदीप शिंदे समितीनं मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी निजामकाळापासूनच्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तिथेही सगळं भांडण यादीत नाव सापडण्याचंच.

तेव्हा वाक्य बदलतो: पैसा रोख की खात्यावर, हा प्रश्न दुय्यम. लाभार्थी एकमेकांना दिसतात की नाही, यावर आंदोलन ठरतं. कळंबकर, आता हाणा.

मुक्काम पोस्ट कळंब

हे बरं आहे. पण बांधावरच्या बारा जणींकडे कुठली यादी होती? त्यांना गल्ली पुरली.

निवृत्त अव्वल कारकून

सर, कात्रणं सोडा. तहसीलची आवक नोंदवही बघा. निवेदन मूळ मिळणार नाही. कागद किती काळ ठेवायचा याच्या अ-ब-क-ड वर्गवारीत असले कागद खाली जातात आणि मुदत संपली की नष्ट करतात. पण वही बऱ्याच ठिकाणी अजून फडताळात असते. 'अर्जदार' हा रकाना वाचा. आमच्या काळी तिथे 'अमुक व इतर ५३' असं लिहायचो. तो 'व इतर' कोणत्या साली गळाला ते मोजा. अभिलेखापाल चहा घेतल्याशिवाय किल्ली देणार नाही आणि उन्हाळ्यात जाऊ नका, तिथे पंखा नाही.