मदत हवी आहे: नववीच्या मुलांना 'मोल' कसा समजवावा?

नमस्कार मंडळी,

ऐरोलीत आमच्या सोसायटीतली नववीची काही मुलं संध्याकाळी माझ्याकडे विज्ञानाला येतात. काही मराठी माध्यमाची, काही सेमी-इंग्लिशची. सध्या 'द्रव्याचे मोजमाप' चालू आहे आणि गाडी मोल या कण मोजायच्या एककापाशी अडलीय.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. लग्नाआधी रबाळे एमआयडीसीत एका लॅबमध्ये होते, तिथे दिवसभर द्रावणं बनवायची म्हणजे मोलॅरिटीशीच (एका लिटर द्रावणात किती मोल) गाठ. पण स्वतः वापरणं वेगळं आणि या पोरांच्या गळी उतरवणं वेगळं.

डझनाचं उदाहरण सगळेच देतात, मीही दिलं. १२ म्हणजे डझन, तसे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण म्हणजे एक मोल. माना डोलावल्या. लगेच '३६ ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल?' विचारलं, तर दोघांनी ३६ ला ६.०२२ ने भागलं! (भागायचं होतं १८ ने, कारण पाण्याचा एक मोल १८ ग्रॅमचा.) मला वाटतं घोळ डझनातच आहे. डझन आपण मोजून घेतो, मोल मात्र वजन करून घ्यावा लागतो, आणि ही मधली पायरी त्या उदाहरणात नाहीच.

मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. पाणी १८ ग्रॅम, मीठ साडेअठ्ठावन्न (काटा दशांश दाखवत नाही, त्यामुळे अंदाजपंचे), साखर ३४२. पाण्याने वाटीचा तळ जेमतेम झाकला, साखरेला पातेली लागली. तिन्हींचा एकेक मोल. तरी सगळ्यांचं ठाम मत, साखरेतच कण जास्त.

त्यात एकीने विचारलं, "काकू, पण हाच आकडा का? सरळ सहा का नाही घेतला?" २०१९ पासून व्याख्येत ६.०२२१४०७६ हा आकडा पक्का केलाय, हे सांगून झालं. पण ते 'काय ठरलं' याचं उत्तर झालं, 'का' तसंच राहिलं.

तर, तुम्ही कोणत्या क्रमाने शिकवता? व्हिडिओच्या लिंका कृपया नकोत. बघताना समजल्यासारखं वाटतं, वहीत काही उतरत नाही.

---

प्रतिसाद १

ताई, आकडा सर्वांत शेवटी आणा. मी ठाण्यात बरीच वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं, तिथेही हाच क्रम चालतो.

आधी फक्त अणुवस्तुमान. कार्बनचा अणू हायड्रोजनच्या ढोबळमानाने १२ पट जड, ऑक्सिजनचा १६ पट. मग हायड्रोजन १ ग्रॅम, कार्बन १२ ग्रॅम आणि ऑक्सिजन १६ ग्रॅम घेतला तर अणू कशात जास्त? थोडं झगडू द्या, 'सगळ्यांत सारखेच' हे पोरंच म्हणतील. साखरेचंही तेच: तिचा एक रेणू पाण्याच्या रेणूच्या १९ पट जड, म्हणून तितकेच रेणू घ्यायला वजनही १९ पट लागलं. १८ गुणिले १९ त्यांच्याकडूनच करून घ्या.

मग विचारा, सारखे म्हणजे नक्की किती? अणुवस्तुमानाचं एकक म्हणजे कार्बन-१२ अणूचा बारावा भाग, १.६६ गुणिले १० चा उणे २४ वा घात ग्रॅम. एका ग्रॅममध्ये अशी किती बसतात? १ ला १.६६ ने भागलं की ०.६०२, आणि उणे २४ वा घात वर येऊन २४ वा होतो, म्हणजे ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात. आकडा तिथून आला. ग्रॅम आधीच ठरलेला होता, अणूचं वजन निसर्गाचं, त्यामुळे भागाकार गोल येण्याचं कारण नाही.

सहाच घेतला असता तर? चाललं असतं, पण कार्बनचा मोल १२ ऐवजी ११.९६ ग्रॅम झाला असता, आणि अणुवस्तुमान तेच ग्रॅममध्ये वाचायची सगळी सोय गेली असती.

जाता जाता: या आकड्याला ॲव्होगॅड्रो संख्या म्हणतात, पण शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रोने तो काढलाच नव्हता. त्याचं गृहीतक १८११ चं, ते वायूंच्या आकारमानाबद्दल. त्याचं नाव या संख्येला सुचवलं फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ पेरँने, १९०९ साली.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. फक्त 'एक मोल ऑक्सिजन' असं मोघम बोलू नका. अणू असतील तर १६ ग्रॅम, रेणू असतील तर ३२. कसले कण ते दर वेळी वदवून घ्या, निम्मी गणितं इथेच चुकतात. मिठात तर रेणूच नसतात, सोडियम-क्लोराइड आयनांची (विद्युतभार असलेल्या कणांची) जोडी हा एक कण धरायचा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! भागाकार उद्याच करून घेते. धातूंसाठी घरातलं काही सुचवाल का?

प्रतिसाद १

ॲल्युमिनियम फॉइल २७ ग्रॅम, साधे लोखंडी खिळे ५६ ग्रॅम. स्टेनलेसचे नकोत, त्यात क्रोमियम असतं. धातू नसला तरी कापूरही चालेल, १५२ ग्रॅम, पण झाकणाच्या डबीत ठेवा, उडतो.