एक भाऊ साधू, एक चोर: लेखकाचा आळस?

पार्क_चौक: 'एक भाऊ देवमाणूस, दुसरा नालायक, ही आळशी लेखकाची युक्ती' अशी पोस्ट सकाळपासून फिरतेय. साफ चूक. विश्रवा-कैकसीची पोरं बघा, म्हणजे रावण आणि त्याचे भाऊ. सीताहरण चुकलं हे बिभीषण आणि कुंभकर्ण दोघंही रावणाला तोंडावर सुनावतात. मग एक चौघांना घेऊन रामाकडे जातो, दुसरा रावणासाठी रणात मरतो. मत एक, वाटा दोन. परक्या माणसांत हे लिहिलं की आईबाप वेगळे, घर वेगळं, कारणं शंभर. भावंडांत ती पळवाट बंद.

शेंगाचटणी: पोस्ट माझीच. तुम्ही तिघं घेतलेत म्हणून जमलं. दोघंच असले की तराजू होतो. 'मदर इंडिया'तला (१९५७) रामू आठवतो कुणाला? बिरजूच.

पार्क_चौक: रामू फिका, कबूल. पण 'दीवार' (१९७५)? बापाचा कलंक थोरल्याच्याच हातावर गोंदतात. तो बूट पॉलिश करतो, धाकटा शाळेत जातो. फरक वाटणीतून आलाय. एकाच चादरीच्या दोन बाजू!

यंत्रमाग: चादर आणलीत तर नीट आणा. दुपदरी चादरीत ताणे दोन, बाणे दोन, रंग वेगळे. नक्षी आली की जकार्ड, म्हणजे मागावरचं नक्षी पाडणारं यंत्र, वरचा पदर खाली नेतं, खालचा वर. पुढे लाल मोर तर मागे पांढरा. ही अदलाबदलच पदरांना धरून ठेवते. नक्षी फार मोठी घेतली तर मधला भाग सुटा राहतो, चिमटीत धरला की फुगतो.

शेंगाचटणी: मग माझंच खरं की. तुमच्या नायकांचे पदर कुठेच पालटत नाहीत, नुसती दोन कापडं एकावर एक.

यंत्रमाग: ते तुम्ही बघा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असूनही छापील माल 'सोलापुरी' म्हणून खपवतात, त्यावर लिहा आधी! उलटून बघा, पाठ फिक्कट.

पार्क_चौक: विषय भावंडांचा आहे हो.

यंत्रमाग: चादर कुणी काढली?

हुरडा_पार्टी: एकाच घरातला फौजदार भाऊ पुणेरी बोलतो आणि गुंडच तेवढा 'काय बे' म्हणतो, हे कसं? सोलापूरची बोली फक्त वाईटालाच?

शेंगाचटणी: हा मुद्दा माझ्या पोस्टमध्ये हवा होता.

पार्क_चौक: इथे हात टेकले. बोली दोघांची एकच ठेवायची. शिकलेला साहेबापुढे बदलेल, पण भावाशी भांडताना दुसऱ्याच वाक्याला 'काय बे' यायलाच पाहिजे. तेवढ्यापुरती तुमची पोस्ट बरोबर. तेवढ्यापुरतीच.

यंत्रमाग: आणि चादर?