सुक्या कचऱ्यातील नेमके काय पुन्हा वापरात येते?

प्रश्न : आम्ही पुण्यातील एका सोसायटीत राहतो. सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकलेले सर्व काही पुनर्चक्रित होते, असे येथे बहुतेकांना वाटते. प्लास्टिकवर त्रिकोण व त्यात आकडा असला, म्हणजे ती वस्तू पुनर्चक्रित होतेच काय? दुधाच्या पिशव्या, चिप्सची पाकिटे आणि कागदी कप यांविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : तो आकडा केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतो. १ म्हणजे पेट, अर्थात पाण्याच्या बाटल्या, ज्यांपासून पॉलिस्टर धागा बनतो. २ आणि ५ या प्रकारांचे डबे-बादल्या भंगारवाला आनंदाने घेतो. दुधाची पिशवी पॉलिथिनची असते आणि धुऊन वाळवली तर तिलाही भाव मिळतो. मात्र कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा करू नये, कारण तेवढा बारीक तुकडा वेचला जात नाही. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिकच्या थरांवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो, आणि हे थर सुटे करणे परवडत नसल्यामुळे अशी पाकिटे गोळा झालीच तर बहुधा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळतात. त्याला पुनर्चक्रण म्हणणे मला मान्य नाही.

उत्तर २ : कागदी कपाला आतून प्लास्टिकचा लेप असतो, म्हणून तो रद्दीत चालत नाही. तेलाने माखलेला पिझ्झाचा खोकाही चालत नाही. त्याचे कोरडे झाकण फाडून पुठ्ठ्यात द्यावे. ॲल्युमिनियमचे डबे मात्र कधीही वाया घालवू नका, कारण खनिजापासून नवा धातू काढण्याच्या तुलनेत ते वितळवून वापरल्यास सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते.

उत्तर ३ : वरील माहितीत एक भर घालतो. एखादी वस्तू पुनर्चक्रित होऊ शकते की नाही, यापेक्षा आपल्या भागात ती विकत घेणारा कोणी आहे की नाही, यावर सारे ठरते, आणि हे कचरावेचकांइतके अचूक कोणीही सांगू शकत नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. या संघटनेच्या नावातच विकल्या जाणाऱ्या तीन वस्तू आहेत. सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना सभेला सन्मानाने बोलवा आणि त्या काय वेगळे काढतात, काय टाकून देतात, हे सर्वांसमोर विचारा. त्यांच्या हातांचा विचार करून सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्यावेत आणि फुटलेली काचही त्याच पद्धतीने गुंडाळून द्यावी.