तूरडाळ शिजवताना गॅस कसा वाचवावा?

प्रश्न: एक वाटी तूरडाळ, सहा शिट्ट्या, तरी कणी राहते. गॅस फार जातो. काय चुकतंय?

उत्तर १: शिट्ट्या मोजूच नका. शिट्टी म्हणजे वाया गेलेली वाफ! डाळ अर्धा तास भिजवा, पाणी अडीच वाट्या. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून ८-१० मिनिटं ठेवा, मग बंद. वाफ आपोआप जिरू द्या. तेवढ्यातही डाळ शिजत असते.

उत्तर २: चिंच किंवा आमसूल आधी घालताय का? आंबटाने डाळ मऊ होत नाही. बोअरच्या जड पाण्यानेही तेच होतं. डाळ जुनी असेल तर तासभर भिजवा.

उत्तर ३: ज्योत पिवळी दिसत असेल तर बर्नर थंड करून भोकं पिनेने साफ करा. आणि वरच्या भांड्यात भात लावाच.